ऑफिसचं मेलेलं कार्पेट आणि माझं १० लिटरचं एक्स्ट्रॅक्शन मशीन: १४ महिने वापरून मग लिहितोय

मशीन घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी रिव्ह्यू टाकणारे खूप आहेत, बॉक्स उघडला, एक फोटो काढला, पाच स्टार दिले, विषय संपला. मी ठरवलं होतं की एक पावसाळा काढल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर घेतलेलं, आता १४ महिने झाले, दोन दिवाळ्यांच्या आधीची मारामारी आणि मधला अख्खा पावसाळा त्याने बघितलाय, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

मी राहतो कळव्याला. कामं जास्त करून वागळे इस्टेट, ऐरोली, महापे, अधूनमधून बेलापूर. आधी एका कॉन्ट्रॅक्टरकडे हाउसकीपिंग सुपरवायझर होतो, मग स्वतःचं सुरू केलं, सोबत माझा भाचा असतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की लोक लगेच विचारतात कमिशन किती मिळालं, आणि खरं सांगायचं तर या साइजची सगळी मशीनं आतून भाऊ-भाऊच. १० लिटरची चांगल्या पाण्याची टाकी, त्याच्यात ९ लिटरची घाण पाण्याची बादली, छोटा पंप, व्हॅक्यूमची मोटर आणि पुढे हँडलवाली चपटी नळी जिच्या तोंडाशी नोझल आहे. ट्रिगर दाबला की पाणी कार्पेटात मारलं जातं आणि त्याच्याच मागून व्हॅक्यूम ते ओढून घेतं. बस एवढंच. पाणी मारणे आणि ओढणे. वाफ नाही, हीटर नाही. लोक याला स्टीम क्लीनिंग म्हणतात ते चूक आहे पण क्लायंट म्हणत असेल तर म्हणू द्यावं.

मला सगळं धरून ऐंशी हजाराच्या आसपास पडलं. बायको म्हणाली एवढ्यात चांगली सेकंड हँड स्कूटर आली असती. बरोबरच होतं तिचं.

आता मुद्द्याचं. पहिलं काम लागलं ते वागळेमधल्या एका ऑफिसचं, साधारण बाराशे स्क्वेअर फूट, कार्पेट मूळचं निळं होतं असं सांगितलं गेलं. मला ते राखाडी दिसलं. दरवाज्यापासून पँट्रीपर्यंत काळा पट्टा, अकाउंट्सच्या टेबलाखाली चहाची वर्तुळं, सर्व्हर रूमजवळ एसीच्या गळतीचे तपकिरी नकाशे. तिथल्या हाउसकीपिंगच्या मुलाला विचारलं हे कशाने धुता, तर त्याने फरशी पुसायचं निळं लिक्विड दाखवलं. बादलीत अंदाजाने ओतायचं, ब्रशने घासायचं, मॉपने पुसायचं. दर महिन्याला! आणि त्याच्याआधी कोणीतरी वर्षातून एकदा येऊन गोल मशीनवर शाम्पू करून जायचं, फेस काढायची काही सोयच नाही, फेस कार्पेटात जिरला की झालं काम, बिल पास.

मी मशीनमध्ये नुसतं कोमट पाणी भरलं. काहीही टाकलं नाही, एक थेंब नाही. आणि ओढायला लागलो तर नळीच्या तोंडाला जी पारदर्शक खिडकी असते तिच्यातून दुधासारखा पांढरा फेस यायला लागला. भाचा म्हणाला मामा तू साबण टाकला का? मी म्हटलं अरे मी नाही टाकला, हा पाच वर्षांपूर्वीचा साबण आहे.

हे जर कोणाला आधीपासून माहीत असेल तर माफ करा, पण मला तरी त्या दिवशी खरं कळलं. जुन्या ऑफिसच्या कार्पेटातले निम्मे डाग हे डागच नसतात, तो साबण असतो. साबण सुकल्यावर धाग्याला चिकट बसून राहतो, वरून बुटाची धूळ गेली की पकडतो, मग जागा काळी दिसते, मग कोणीतरी परत साबण लावतो, मग ती आणखी लवकर काळी होते. भिशीसारखं चाललेलं असतं, दर महिन्याला भरत राहायचं. चहा कधीच निघून गेलेला असतो, चहाच्या जागी साबणाचं वर्तुळ उरलेलं असतं.

म्हणून माझा आता नियमच झालाय की दुर्लक्ष झालेलं कार्पेट असेल तर पहिला हात साध्या पाण्याचा. आणि शेवटचा हात पाण्यात चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड टाकून, आपलं लिंबाचं फूल हो, किराणावाल्याकडे मिळतं ते. बहुतेक कार्पेटची केमिकलं अल्कलाइन असतात, म्हणजे आंबटाच्या उलट, त्याने ती शांत होतात आणि चिकटपणा जातो. आपल्याकडे नवी मुंबईत मोरब्याचं पाणी येतं, एमआयडीसीत बारवीचं, दोन्ही धरणाची पाणी म्हणजे तशी मऊ, साबणाला फेस पटकन येतो, त्यामुळे डब्यावर लिहिलेल्या मापाच्या निम्मं टाकलं तरी चालतं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर मात्र उलटं, नोझलमध्ये पांढरा खर धरतो, तेव्हा महिन्यातून एकदा तेच लिंबाचं फूल गरम पाण्यात घालून मशीनमधून फिरवायचं.

हां, आणि पाण्याच्याही आधी कोरडा व्हॅक्यूम. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. ऑफिसच्या कार्पेटात जी घाण असते त्यातली बहुतेक कोरडीच असते, माती, वाळू, खडूसारखी धूळ, स्टेपलरच्या पिना. ती न काढता पाणी मारलं तर तुम्ही चिखल केला, दुसरं काही नाही. सावकाश ओढायचं, उभं एकदा आणि आडवं एकदा. मी बाराशे फुटाला सव्वा तास नुसता कोरडा व्हॅक्यूम केला तर तिथले साहेब येऊन दोनदा बघून गेले की हे लोक मशीन कधी काढणार.

पाणी मारायच्या आधी अजून एक गोष्ट करतो, ती एका जुन्या माणसाने शिकवली. टेबलाखालच्या कोपऱ्यातून एक धागा कात्रीने कापायचा आणि ग्लासभर पाण्यात टाकायचा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर बहुतेक नायलॉन. फरक का पडतो तर पॉलिप्रॉपिलीनचा रंग धागा बनवतानाच प्लास्टिकमध्ये मिसळलेला असतो त्यामुळे तो सहसा उडत नाही, पण तेल मात्र असं पकडतो की विचारू नका, वडापावचा कागद पडला की संपलं. नायलॉनचं उलटं, तेल सोडतो पण खाण्यातला रंग पिऊन घेतो. गोबी मंचुरियनचा लाल, सरबताचा लाल, हे नायलॉनला पक्के बसतात कारण नायलॉन रंगवायलाही त्याच जातीचे रंग वापरतात. आणि नायलॉनवर कोणी ब्लीच टाकलं असेल तर हात जोडायचे आणि परत यायचं, तिथला रंगच गेलेला असतो. महाप्यात एका ठिकाणी मला रिसेप्शनसमोरचे पिवळट डाग काढायला बोलावलं, अर्धा तास बघत बसलो, डाग काढायचा कसा, तिथे काही आहेच नाही, असलेलं काढून टाकलंय कोणीतरी. टॉयलेटचं अ‍ॅसिड मारून बघितलेलं एक कार्पेटही बघितलंय, हात लावला की धागे तुटून हातात.

आता हळदीचं सांगतो, यात माझीच शोभा आहे पण सांगतो.

ऐरोलीचं ऑफिस. बिझनेस पार्कमधलं, चकाचक, गेटवर मशीनची आरजीपी, म्हणजे सामान आत नेऊन परत बाहेर काढायचा पास, करायला पाऊण तास. त्यांच्याकडे सत्यनारायण झाला होता कॉन्फरन्स रूममध्ये, पाटाखाली काही घातलं नव्हतं, हळद सांडली, वर पंचामृत सांडलं, आणि ते कोणीतरी ओल्या कपड्याने चांगलं घासून पुसलं. म्हणजे पसरवलं. दीड-दोन फुटाचा पिवळा गोळा, हलक्या राखाडी कार्पेटवर. फॅसिलिटीच्या मॅडम म्हणाल्या, दादा, सोमवारी क्लायंट व्हिजिट आहे, काहीही करा. मी म्हटलं मॅडम, टेन्शन नका घेऊ. हे वाक्य मी आता वापरत नाही.

घाईत मी माझं नेहमीचं प्री-स्प्रे, म्हणजे मशीन फिरवायच्या आधी शिंपडायचं केमिकल, मारलं. ते अल्कलाइन. आणि डोळ्यांसमोर तो पिवळा डाग लालभडक झाला. हळूहळू नाही हो, बघता बघता, जणू कोणी कुंकवाचा करंडा उपडा केला. भाच्याने माझ्याकडे बघितलं, मी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी कार्पेटकडे बघितलं. दोन मिनिटं कोणी बोललं नाही.

मग डोक्यात ट्यूब पेटली की अरे हे तर आजी करायची. हळदीत चुना घालून कुंकू व्हायचं ते हेच. हळद अल्कलाइनमध्ये लाल होते, आंबटात परत पिवळी. मी लगेच लिंबाच्या फुलाचं पाणी मारलं तर झटकन पिवळं झालं. मॅडमना वाटलं मी जादूगार आहे, मी तोंड गंभीर ठेवलं. पण पिवळं झालं म्हणजे गेलं नाही, फक्त जिथून सुरुवात केली तिथे परत आलो. दोन तास वाया.

पुढे मशीनने साध्या पाण्यावर तीन-चार वेळा ओढलं, बरंच निघालं, खिडकीतून पिवळं पाणी दिसत होतं. उरलेलं फिकट पिवळं हायड्रोजन पेरॉक्साइडने. मेडिकलमध्ये मिळतं, लेबल बघून ते ३ टक्क्यांपर्यंत पातळ करायचं, आधी कोपऱ्यात एका जागी टेस्ट करायचं, मग कापसाने लावून सोडून द्यायचं, घासायचं नाही. आणि सगळ्यात भारी उपाय फुकट होता, ऊन. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, पांढऱ्या साडीवरचे डाग आई उन्हातच घालवायची. ते कार्पेट ५० बाय ५० सेंटिमीटरच्या टाइलचं होतं, मी ज्या टाइलवर जास्त राहिलं होतं त्या उचलल्या आणि रविवारी दिवसभर पूर्वेच्या खिडकीपाशी काचेला लावून ठेवल्या. संध्याकाळी शोधून सापडेना कुठे होतं. मशीनचं यात श्रेय अर्धंच, बाकी अर्धं आजीचं आणि सूर्याचं.

म्हणून पीएचचे कागद, म्हणजे आंबट का अल्कलाइन ते रंगाने दाखवणारे, ठेवतो आता खिशात, पुस्तिकेसारखे मिळतात. आणि डाग पिवळा असला की आधी विचारतो, पूजा झाली होती का, का पावभाजी?

चहाचं वेगळंच प्रकरण. चहा-कॉफी हलक्या आंबट उपायाने किंवा पेरॉक्साइडने निघतात, आपला चहा दुधाचा असतो त्यामुळे आधी दुधासाखरेसाठी एन्झाइमवालं काहीतरी १०-१५ मिनिटं लावून ठेवलं तर आणखी बरं. काढणं अवघड नाही. अवघड आहे तो परत न येणं. शनिवारी रात्री कार्पेट एकदम स्वच्छ, फोटो काढला, मॅनेजरला पाठवला, अंगठा आला, आणि सोमवारी सकाळी साडेनऊला फोन, अहो तुमचा डाग आला परत. तुमचा म्हणे! झालेलं असं असतं की कप पूर्ण सांडलेला असतो, वरून दिसतो तो हातभर पण खाली पाठीपर्यंत मुरलेला असतो. आपण वरून ओलं केलं, वरचं ओढून घेतलं, खालचं भिजून तसंच राहिलं, मग सुकताना पाणी धाग्यातून वर चढतं, दिव्यात तेल वातीतून चढतं तसं, आणि तो चहा सोबत घेऊन वर येतं. पाणी उडून जातं, चहा टोकाला बसतो.

इथे मशीनची खरी परीक्षा आहे आणि इथे माझं मशीन चांगलं वागलं असं मी म्हणेन. कारण त्याची ओढ जोरदार आहे. पण वापरणाऱ्याला कळलं पाहिजे. ट्रिगर दाबून एकदा मागे ओढायचं, मग ट्रिगर सोडून त्याच जागेवरून दोन-तीन वेळा नुसतं कोरडं ओढायचं. माझा भाचा सुरुवातीला ट्रिगर सोडायचाच नाही, त्याला वाटायचं जास्त पाणी म्हणजे जास्त स्वच्छ. आता त्याला सांगितलंय की ओल्या एका हाताला कोरडे तीन. शिवाय जिथे चहा मोठा सांडलेला असेल तिथे काम झाल्यावर जाड पांढरा टॉवेल घडी करून ठेवतो, त्याच्यावर बिसलेरीचा २० लिटरचा जार. रात्रभर. सकाळी टॉवेलवर तपकिरी गोल उमटलेला असतो, जो कार्पेटवर उमटला असता. टॉवेल पांढराच हवा, एकदा मी लाल घेऊन गेलो होतो, पुढचं विचारू नका.

पावसाळा. इथे चार स्टारचा साडेतीन होतो, पण दोष मशीनचा नाही, हवेचा. जुलैमध्ये ठाण्यात-नवी मुंबईत घरातली चादर वाळत नाही, कार्पेट काय वाळणार. त्यात पार्कमधला सेंट्रल एसी शनिवारी दुपारनंतर बंद, काच उघडत नाही, म्हणजे आपण ओलं कार्पेट एका बंद डब्यात ठेवून निघून जातो. सोमवारी दार उघडलं की कुबट वास, आणि वासाचं खापर मशीनवाल्यावर. मी आता जून ते सप्टेंबर कोटेशनमध्येच लिहितो की काम झाल्यावर किमान आठ तास एसी चालू ठेवायची परवानगी बिल्डिंगकडून काढून द्या, नाहीतर पूर्ण धुलाई करणार नाही, फक्त डाग काढून देईन. दोन क्लायंट गेले यामुळे. बाकीच्यांनी परवानगी काढली. सोबत जमिनीलगत वारा मारणारा ब्लोअर घेतलाय, गोगलगाईसारखा दिसतो तो, ज्याला मशीन घ्यायचं आहे त्याने त्याचेही पैसे आधीच बाजूला ठेवावेत, कारण नुसतं मशीन म्हणजे अर्धं सामान आहे.

आता मशीन काय करत नाही ते ऐका, कारण विकणारा हे सांगत नाही.

एक तर ते मोठ्या जागेसाठी नाही. या साइजच्या मशीनला ब्रोशरमध्ये तासाला २० ते २५ चौरस मीटर असं लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण २१५ ते २७० स्क्वेअर फूट. चार हजार फुटाचं ऑफिस घेतलं तर नुसतं ओढायलाच १५ ते १९ तास, आणि ब्रोशरमधलं कार्पेट आपल्याइतकं मेलेलं नसतं. मोठ्या जागेत मी गोल मशीनवर पॅड लावून ते सुकल्यावर पावडर होणारं केमिकल वापरतो, एन्कॅप्सुलेशन म्हणतात, सुकलं की घाणीसकट व्हॅक्यूम होतं. हे मशीन मग फक्त डागांना, चालायच्या पट्ट्यांना आणि खुर्च्यांना. खुर्च्यांसाठी छोटा हँड नोझल येतो, तो अप्रतिम आहे, त्याच्यावर मी जास्त कमावलंय. खुर्चीचे पैसे प्रत्येकी मिळतात ना.

दुसरं, पाणी. मिनिटाला साधारण एक लिटर मारतं म्हणजे १० लिटर १० मिनिटांच्या ट्रिगरमध्ये गेले. आणि वॉशरूम नेहमी मजल्याच्या दुसऱ्या टोकाला. भरा, वाहा, ओता, परत भरा. रात्री दोन वाजता नवव्या मजल्यावर बादली घेऊन फेऱ्या मारताना स्कूटरची आठवण येते. आणि घाण पाण्यात फेस वाढला की तो वर चढून मोटरकडे जातो, म्हणून फेस मारायचं औषध बादलीत आधीच थोडं टाकायचं, जुन्या साबणाच्या कार्पेटात तर हमखास.

तिसरं, प्लग. मशीन साडेबाराशे वॅटचं आहे, टेबलाखाली जे लाल सॉकेट असतात ते बऱ्याच ऑफिसांत यूपीएसचे असतात, तिथे चुकूनही लावू नका. मी एकदा लावणारच होतो, तिथल्या इलेक्ट्रिशियनने लांबून जी हाक मारली ती अजून कानात आहे. वॉचमनला किंवा इलेक्ट्रिशियनला विचारून रॉ पॉवरचा, म्हणजे यूपीएसवर नसलेला साधा पॉइंट घ्यायचा आणि स्वतःची लांब वायर ठेवायची.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, काळा पट्टा. दरवाज्यापासून पँट्रीपर्यंतचा तो. मशीनने त्यातली घाण निघते पण पट्टा पूर्ण जात नाही. कारण इतकी वर्षं बुटाखालच्या वाळूने धागा घासला गेलेला असतो, त्याची चमक गेलेली असते, तो स्वच्छ असूनही मळका दिसतो. स्टीलच्या ताटाला काथ्याने घासून घासून जो मंदपणा येतो तसं. हे मी काम घ्यायच्या आधीच सांगतो, टेबलाखालचा एक चौकोन आणि पट्ट्यातला एक चौकोन दोन्ही धुऊन दाखवतो आणि म्हणतो जास्तीत जास्त एवढं होईल. काहींना पटतं. काही म्हणतात दुसरा माणूस नवंकोरं करून देतो बोलला. मग मी म्हणतो त्याला बोलवा. दरवाज्याच्या फटीखाली आणि भिंतीच्या कडेला जी बारीक काळी रेघ दिसते तीही अशीच हट्टी, एसीची हवा फटीतून जाता-येता कार्पेट गाळणीचं काम करतं आणि काजळीसारखी धूळ तिथे अडकते. ब्रशने थोडी निघते.

बाकी बारीकसारीक डाग पटापट सांगतो. बॉलपेनची शाई आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कपड्यावर घेऊन टिपायचं, थेट ओतलं तर शाई पसरते. कोविडमधलं उरलेलं सॅनिटायझर चालतं पण पाण्यासारखं पातळ असेल तरच, जेल चिकट राहतं. प्रिंटरचा टोनर सांडला तर पाणी बिलकुल नाही, गरम तर मुळीच नाही, ती प्लास्टिकची भुकटी असते, उष्णतेने वितळून कायमची बसते, चांगल्या फिल्टरच्या व्हॅक्यूमने हळूच ओढायची. च्युइंगमला बर्फाची पिशवी, कडक झालं की चमच्याने. कपाटाच्या पायाचा गंज ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने, ते विषारी आहे, हातमोजे घालायचे आणि नंतर मशीनने दोन-तीनदा पाण्याने ओढायचं. पान-गुटखा... जिन्यात असतो, कार्पेटवर सहसा नाही, पण एकदा एका डायरेक्टरच्या केबिनमध्ये खिडकीच्या पडद्यामागे निघाला. नाव सांगणार नाही. काथाचा तपकिरी रंग पेरॉक्साइडने फिका झाला, पूर्ण गेला नाही.

लाल मंचुरियनवाल्या डागाची एक ट्रिक आहे, त्याला मशीन लागत नाही पण सांगतो. सोडियम मेटाबायसल्फाइटचं पातळ द्रावण शिंपडून वर ओला पांढरा सुती कपडा आणि त्याच्यावर इस्त्री काही सेकंद, उचला, बघा, परत. रंग निघून जातो, कधी थोडा कपड्यावरही येतो. वास घाण येतो, खिडकी उघडी हवी, दमा असलेल्याने लांब राहावं, आणि इस्त्री जास्त वेळ ठेवली तर नायलॉन वितळतं आणि मग डागाऐवजी इस्त्रीचा आकार राहतो. घरी करून बघू नका असं म्हणायची पद्धत आहे, मी म्हणतो जुन्या तुकड्यावर करून बघा.

सर्व्हिसचं म्हणाल तर १४ महिन्यांत एकदा नोझल तुंबलं, सुईने साफ केलं, आणि बादलीचं रबर बदललं, ते तुर्भ्याला एका स्पेअरवाल्याकडे लगेच मिळालं. मोटरला काही नाही. मशीन रिकामं १०-११ किलोचं, रिक्षात पायापाशी बसतं, ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये लगेज डब्यातून ऐरोलीला नेलंय कितीदा. काम झाल्यावर दोन्ही टाक्या धुऊन झाकण उघडं ठेवून सुकवायचं नाहीतर आतून असा वास सुटतो की पुढच्या क्लायंटच्या एसी ऑफिसमध्ये मशीन चालू करायची लाज वाटते. हे अनुभवाने लिहितोय.

घ्यावं का? छोटी ऑफिसं, दवाखाने, खुर्च्या-सोफे, गाड्यांच्या सीटा अशी कामं असतील तर डोळे मिटून. फक्त मोठे मजले करायचे असतील तर हे नको, पैसे साठवा आणि मोठं घ्या. आणि एखाद्या ऑफिसवाल्याला स्वतःसाठी घ्यायचं असेल तर आधी ते निळं लिक्विड बंद करा आणि रोजचा कोरडा व्हॅक्यूम सुरू करा, मग कदाचित मशीन लागणारही नाही, माझं नुकसान झालं तरी चालेल.

वागळेच्या त्या पहिल्या ऑफिसचं सांगायचं राहिलं. कार्पेट शेवटी निळं निघालं, खरंच निळं, साहेबांनी चप्पल काढून चालून बघितलं. एक डाग सोडून. अकाउंट्सच्या काकांच्या खुर्चीखाली, चहा होता का शाईच्या पॅडची जांभळी शाई का दोन्ही, काय होतं देव जाणे, चार वेळा केला, चार वेळा परत आला. ते कार्पेटही टाइलचंच, शेवटी ती टाइल उचलली आणि झेरॉक्स मशीनच्या खालची चांगली टाइल तिच्या जागी आणली. काका म्हणाले, वा, काढलास की रे! मी काही बोललो नाही. झेरॉक्स मशीन भाड्याचं आहे, करार पुढच्या मार्चमध्ये संपतो असं कळलंय.